दुसरी किल्ली कोणाकडे?

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना माझ्या एका मित्राने लॅपटॉपवर तक्ता केला. डावीकडे अकरा ठिकाणांची नावं, वर आडव्या ओळीत चौदा रकाने: घरभाडं, घराची किंमत, वीज, पाणी, कर, किराणा, विमा, पावसाचे दिवस, सरासरी तापमान, असं बरंच काही. शेवटच्या रकान्यात बेरीज आणि बेरजेप्रमाणे लावलेला क्रम. सगळ्यात स्वस्त ठिकाण हिरवं, सगळ्यात महाग लाल. मला दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाचं समाधान होतं. त्याची बायको शेजारी चष्मा पुसत ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "या पहिल्या नंबरच्या गावात आपली दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची?"

तो म्हणाला, "बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप लावू."

ती पुढे काही बोलली नाही. मी मात्र घरी पोचेपर्यंत त्या उत्तरात अडकलो होतो. आपली दुसरी किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस आपण दोन दिवस दिसलो नाही तर दार वाजवतो आणि आतून उत्तर आलं नाही तर उघडून बघतो. बोटाच्या ठशाला ते जमत नाही, कारण बोट आतल्याच माणसाचं असतं. चौदा रकान्यांत या माणसाला जागा नव्हती. त्याचा दर कुठे छापून येत नाही, मग तो तक्त्यात येणार कसा?

निवृत्तीनंतर राहायला सर्वांत स्वस्त ठिकाणं कोणती, याच्या याद्या दरवर्षी निघतात. देश बदलतात, क्रम बदलतो, पद्धत तीच. या याद्या खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. आकडे बहुधा बरोबरच असतात. तक्रार इतकीच, की एखादं ठिकाण स्वस्त का आहे हे त्या सांगत नाहीत. आणि म्हातारपण काढायला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने सगळी गोम त्या ‘का’मध्ये आहे.

घराचा भाव ठरवतं कोण? बहुतांशी नोकरी-धंदा करणारी, मुलं वाढवणारी माणसं. काम जवळ आहे का, शाळा बरी आहे का, उद्या विकायचं झालं तर पैसे सुटतील का, हे बघून ती बोली लावतात. जिथे नोकऱ्या नाहीत तिथे घरं स्वस्त. निवृत्त माणसाला नोकरी नकोच असते. म्हणजे इतरांना जी मोठी उणीव वाटते तिची याला झळ नाही आणि त्यापोटी भावात मिळणारी सूट मात्र याच्या पदरात. ही खरी स्वस्ताई. ती ज्यांनी हेरली आणि साधली त्यांना मी मनापासून दाद देतो.

दुसरी स्वस्ताई वेगळी. दवाखाना लांब, बस दिवसातून दोनदा, संध्याकाळनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. पस्तिशीतल्या धडधाकट माणसाचं यावाचून भागतं, गाडी असली की झालं. पण भाव उतरवणारी जी गोष्ट तिथे नाही, नेमकी तीच पंच्याहत्तरीत लागणार असते. आणि खरी पंचाईत अशी की पहिली स्वस्ताई हळूहळू दुसरीत उतरत जाते. नोकऱ्या गेल्या की तरुण जातात. तरुण गेले की शाळा बंद पडते, मग बँकेची शाखा, मग औषधांचं दुकान, मग डॉक्टर, शेवटी बस. आपण साठीत घर घेतो तेव्हा ते गाव यातल्या कितव्या पायरीवर उभं आहे, हे भावावरून कळत नाही. भाव दोन्हीकडे सारखाच दिसतो.

सिसिलीतल्या सांबुका गावाने २०१९ साली ओस पडलेली घरं १ युरोला विकायला काढली तेव्हा जगभर बातमी झाली. अटी अशा की घेणाऱ्याने तीन वर्षांत दुरुस्ती करायची, त्यावर किमान १५ हजार युरो खर्च करायचे आणि हमी म्हणून ५ हजार युरो अनामत ठेवायची. यात फसवणूक काहीच नव्हती. गावाने उलट सरळ सांगितलं होतं की माणसं निघून गेली आहेत आणि आम्हाला माणसं हवी आहेत. तिथे जाऊन नव्याने सुखाने राहणारेही आहेत. पण १ युरो ही घराची किंमत नव्हतीच. ती निघून गेलेल्या शेजाऱ्यांची किंमत होती. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यातली आडगावातली कित्येक जवळजवळ फुकटात मिळतात. भिंती, छप्पर, अंगण, सगळं जागच्या जागी. दार वाजवणारं कोणी नाही.

मराठीत ‘मोल’ हा शब्द मुळात पैशाचाच. मोलमजुरी, कवडीमोल, मोलाने आणलेलं. तरी एखाद्याच्या शब्दाला मोल आहे असं म्हणताना आपण पैशाबद्दल बोलत नसतो, आणि ऐकणाराही तसं समजत नाही. घराच्या बाबतीत हा फरक आपल्याला कळत नाही असं नाही. तो आकड्यात बसवता येत नाही म्हणून आपण तक्ता करताना बाजूला ठेवतो आणि मग तक्त्यालाच निर्णय समजतो.

आता जरा रुक्ष हिशेब. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. यातला किती वेळ आपल्या हातात असतो? लक्षण ओळखण्यात काही वेळ जातो. म्हातारी माणसं ‘पडून राहिलं की बरं वाटेल’ म्हणण्यात आणखी वेळ घालवतात. झटका झोपेत आला तर घड्याळ कधी सुरू झालं हेच कळत नाही. मग रुग्णवाहिका, रस्ता, सीटी स्कॅन. पोचल्यावर कळतं की यंत्र आहे पण रात्रपाळीला ते चालवणारा नाही, असंही होतं. घर ते सुसज्ज रुग्णालय हे अंतर १० किलोमीटर असलं काय किंवा ७० असलं काय, वर्षातले ३६४ दिवस काही फरक पडत नाही. भाड्यातली बचत मात्र दर महिन्याला पासबुकात दिसते. डोळा रोज दिसणाऱ्या आकड्यावर ठरतो. यात मूर्खपणा नाही, माणसाचा स्वभावच तसा. म्हणूनच त्याच्याविरुद्ध मुद्दाम हिशेब मांडावा लागतो.

कॅलिफोर्नियात पाइनच्या जंगलातलं एक टुमदार गाव. नाव पॅराडाइज, म्हणजे स्वर्ग. त्या महागड्या राज्यात परवडणारं, हवा छान, म्हणून निवृत्तांची तिथे मोठी वस्ती. ८ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी वणवा आला आणि काही तासांत गाव गेलं. त्या आगीत ८५ माणसं मेली. त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची. डोंगराच्या सोंडेवर वसलेल्या गावातून बाहेर पडायला रस्ते मोजकेच होते आणि ते गाड्यांनी तुंबले. काहींना गाडी चालवता येत नव्हती, काहींना वेळेवर कळलंच नाही. डोंगर दुरून साजरे असतात हे आपण पोरवयापासून ऐकतो. डोंगरावरून उतरायला किती रस्ते आहेत हे घर घेताना कोणी विचारत नाही. फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आलं, तिथेही मृतांत वयस्कर माणसांचं प्रमाण मोठं होतं. राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून निवृत्तांचं आवडतं असलेल्या त्या राज्यात घराच्या विम्याचे हप्ते मग कसे चढत गेले, हे तिथल्या कोणालाही विचारावं. करात वाचलेला पैसा विम्याच्या खिडकीवर जातो. खिसा एकच, फक्त पावती वेगळी.

पण आग आणि वादळ ही टोकाची उदाहरणं झाली. बहुतेकांचं म्हातारपण असं नाट्यमय नसतं. ते आक्रसत जातं. आधी रात्रीची गाडी चालवणं सुटतं, मग हमरस्त्यावरची, मग एक दिवस मुलगा किंवा डॉक्टर किल्ली मागून घेतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सत्तरी ओलांडलेल्या वाहनचालकांचा हिशेब केला: गाडी सुटल्यानंतर पुरुषांनी सुमारे ७ वर्षं आणि बायकांनी सुमारे १० वर्षं दुसऱ्या कशावर तरी अवलंबून काढायची असतात. दहा वर्षं! एवढ्या काळात मूल चौथीत जातं. गाडीवाचून जिथे काहीच हलत नाही अशा ठिकाणी स्वस्तात घेतलेलं घर या दहा वर्षांत किती महाग पडतं? टॅक्सीचे पैसे मोजता येतील. न गेलेल्या भेटी, पुढे ढकललेली दातदुखी, ‘उगीच कशाला कोणाला त्रास’ म्हणून रद्द केलेली संध्याकाळ, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

चालण्याचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये पादचाऱ्यांना सिग्नलवर रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे हे ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं जातं. २०१२ साली लंडनमधल्या संशोधकांनी पासष्टीच्या पुढच्यांचा वेग तपासला. पुरुषांचा सरासरी ०.९ मीटर, बायकांचा ०.८. पुरुषांपैकी ७६ टक्के आणि बायकांपैकी ८५ टक्के त्या १.२ पेक्षा हळू चालणारे निघाले. म्हणजे बहुसंख्य म्हातारे पलीकडे पोचण्याआधीच वेळ संपणार हे गणितातच लिहिलेलं आहे. सिंगापूरने यावर साधा उपाय केला. २००९ पासून तिथे काही चौकांत ज्येष्ठांनी खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. एवढंच. पण त्या काही सेकंदांनी पलीकडची बाग, दवाखाना, वाचनालय एका म्हाताऱ्या माणसाच्या टप्प्यात येतं. घरमालक या सेकंदांचं भाडं लावू शकत नाही, दलाल जाहिरातीत लिहीत नाही.

म्हणून मला हा प्रश्न घरगुती वाटत नाही. कुठे राहायचं हे नवरा-बायको ठरवतात हे खरं. पण ज्यामुळे एखादं ठिकाण म्हातारपणाला मोलाचं ठरतं ते जवळजवळ सगळं सार्वजनिक असतं: सपाट पदपथ, टेकायला बाक, स्वच्छ शौचालय, वेळेवर येणारी आणि चढायला पायरी बुटकी असलेली बस, घरी येणारी परिचारिका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. त्यासाठी ३३ शहरांतल्या म्हाताऱ्यांना विचारलं गेलं. बाकांचा विषय फिरून फिरून आला, आणि शौचालयांचा. (शौचालय जवळ नाही म्हणून घराबाहेर न पडणारी किती माणसं आपल्या ओळखीत आहेत, हे ती सांगत नाहीत म्हणून आपल्याला माहीत नसतं.)

सरकारं निवृत्तांना बोलावताना मात्र बाकांची जाहिरात करत नाहीत, करसवलतीची करतात. पोर्तुगालने २००९ मध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठी खास करयोजना आणली. परदेशी पेन्शनवर १० वर्षं कर नाही. हजारो लोक गेले. २०२० पासून नव्याने येणाऱ्यांच्या पेन्शनवर १० टक्के कर लागला आणि घरांचे भाव फुगल्याची ओरड वाढल्यावर २०२४ पासून नव्या लोकांसाठी दार बंदच झालं. मलेशियाने २००२ मध्ये ‘माझं दुसरं घर’ अशा नावाची योजना सुरू केली आणि २०२१ मध्ये अटी एकदम कडक केल्या. महिना १० हजार रिंगिट उत्पन्नाची अट ४० हजारांवर गेली. दोन्ही देशांना दोष देण्यात अर्थ नाही, नियम बदलणं हा त्यांचा अधिकारच आहे. दोष आपल्या हिशेबाचा. दुसऱ्याने दिलेली सवलत आपण आपली मिळकत समजून पुढच्या २५ वर्षांवर पसरवतो. रुपया-डॉलरच्या दराचं तसंच, महागाईचंही तसंच. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठीतलं स्वस्त गाव बहात्तरीत किती स्वस्त उरेल हे गावावर कमी आणि आपल्या पेन्शनच्या वाढीवर जास्त ठरतं. ब्रिटिश सरकारी पेन्शन घेणारा माणूस अमेरिकेत राहायला गेला तर त्याची पेन्शन दरवर्षी वाढते, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात गेला तर पहिल्या दिवसाच्या आकड्यावर गोठते. हवामान बघून देश निवडणाऱ्या किती जणांना हे आधी ठाऊक असतं? अमेरिकेतल्या वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, देशाबाहेर बहुतेक वेळा चालतच नाही. स्वस्त देशात स्वस्त उपचार मिळतील हे खरं, पण पंचाहत्तरीत नवा विमा मागायला गेलं की स्वस्ताईचा सूर बदलतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग महाग तेच चांगलं. नाही. महागाच्या बाबतीत तर लोक आणखी सहज फसतात, कारण जास्त पैसे दिलेत म्हणजे काहीतरी मिळालंच असणार अशी मनाची समजूत असते. माझ्या एका मावशीने आणि काकांनी निवृत्तीचे बहुतेक पैसे घालून समुद्र दिसणारा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, रुंद बाल्कनी. पहिलं वर्षभर येईल त्याला ती आधी बाल्कनीत नेई. चौथ्या वर्षी मी गेलो तेव्हा बाल्कनीचं दार लावलेलं होतं. खारट हवेने बिजागऱ्या गंजल्या होत्या, दार ओढायला दोन हात लागत. लिफ्ट महिन्यातून आठवडाभर बंद. एकेचाळीस पायऱ्या, तिने मोजून ठेवल्या होत्या आणि एकोणिसाव्या पायरीवर बसायला एक स्टूल ठेवलं होतं, ते सोसायटीने दोनदा उचलून नेलं. मी समुद्राबद्दल काही बोललो तर म्हणाली, "अरे, समुद्राचं काय, तो रोज येतो. माणूस येत नाही."

दृश्यावर पैसे टाकण्यामागची चूक मानसशास्त्राने तपासून दाखवली आहे. कानेमान आणि श्काडे या दोघांनी १९९८ साली अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या थंडीत राहणाऱ्या आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल समाधान विचारलं. दोन्हीकडचं समाधान सारखंच निघालं. पण दोन्हीकडच्या मुलांना खात्री होती की कॅलिफोर्नियातली जास्त सुखी असणार. ज्या गोष्टीकडे आपण बोट दाखवतो ती त्या घटकेला फार मोठी वाटते. सुट्टीत चार दिवस गेलेलो असतो तेव्हा समुद्राकडेच बोट असतं. राहायला गेल्यावर ते गळणाऱ्या नळाकडे, फोन न उचलणाऱ्या प्लंबरकडे आणि रविवारच्या लांबलचक दुपारीकडे वळतं.

निवृत्तांचीच वसाहत हा मधला मार्ग म्हणून सांगितला जातो. ॲरिझोनाच्या वाळवंटात १ जानेवारी १९६० ला सन सिटी उघडली तेव्हा पहिल्या तीन दिवसांत सुमारे लाखभर माणसं बघायला आली. बांधणाऱ्या डेल वेबची हुशारी अशी की त्याने गोल्फचं मैदान, दुकानं, करमणूक केंद्र आधी उभं केलं आणि मग घरं विकली. सुविधांची वचनं दाखवून घरं विकणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखं आहे. तिथे लोक रमले, मैत्र्या झाल्या, हे नाकारून चालणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. मुलं नसलेल्या वस्तीला शाळेवर कर देणं जड जातं आणि सन सिटीकरांनी शाळांच्या कर्जरोख्यांविरुद्ध वारंवार मतं दिली. त्यांच्या तक्त्यात ती बचतच दिसली असणार. पण उद्या ज्या परिचारिकेने तुमचा रक्तदाब बघायचा, ज्या मुलाने रुग्णवाहिका चालवायची, ती कोणत्या तरी शाळेतूनच येणार ना? सगळेच म्हातारे असलेल्या वस्तीत किल्ली ठेवायला शेजारी खूप असतात. रात्री दोनला उचलून खाली आणणारं कोणी नसतं. कर कमी म्हणून गाव निवडताना त्या करातून काय होत होतं हे बघावं लागतं.

मैत्रीबद्दल आपण फार बेफिकीर असतो. होतील ओळखी, म्हणतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला की साधी ओळख मैत्रीकडे सरकायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून अधिक. कॉलेजात किंवा ऑफिसात हे तास आपोआप पडतात. निवृत्तीनंतर नव्या गावात ते मुद्दाम जमवावे लागतात, अर्धा अर्धा तास करून. आठवड्याला दोन तासांची भेट धरली तर जवळचा एक मित्र दोन वर्षांनी. जुन्या गल्लीतले असे किती हजार तास आपण मागे टाकून निघतो त्याची किंमत तक्त्यात शून्य धरलेली असते. हॉल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आता सांगा, शेजारी हा खर्च धरायचा की औषध?

याला एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. मोल-बिल हे पोट भरल्यावरचं बोलणं आहे. ज्याची पेन्शनच तुटपुंजी, किंवा नाहीच, त्याने स्वस्त बघू नये तर काय करावं? खरं आहे. आखूडशिंगी, बहुदुधी गाय सगळ्यांना परवडत नाही. पण ज्याच्याकडे कमी पैसे आहेत त्याला चूकही परवडत नाही. पैसेवाला चुकला तर घर विकून परत येतो. स्वस्त गावातलं स्वस्त घर विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत नाही, तेवढ्यात जुन्या जागेचे भाव पुढे निघून गेलेले असतात आणि दोन्हीकडच्या दलाली, नोंदणी, सामानाच्या ट्रकमध्ये वाचवलेल्या भाड्याची चार-पाच वर्षं जातात. परतीचा रस्ता बंद असणं हाही किमतीचा भाग आहे, आणि तो गरिबाच्याच वाट्याला येतो.

शिवाय हा आक्षेप शेवटी माझ्याच बाजूला येऊन बसतो. एकट्याच्या खिशातून मोल विकत घेता येत नसेल तर ते सगळ्यांच्या पैशातून उभं करावं लागतं. सिंगापूरने २०१५ पासून आईवडिलांजवळ जुना सरकारी फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला अनुदान द्यायला सुरुवात केली; २०१८ च्या बदलानंतर चार किलोमीटरच्या आत घर घेतलं तर २० हजार सिंगापूर डॉलर, एकत्र राहिलं तर ३० हजार. नात्याला सरकारने भाव लावला म्हणून कोणी नाक मुरडेल. मला ते प्रामाणिक वाटतं. जवळ असण्याला मोल आहे हे सरकारने नुसतं भाषणात न सांगता पैशात मांडलं. न्यू यॉर्कमधल्या पेन साउथ या सहकारी गृहसंकुलात १९८६ साली दुसरी वाट निघाली. तिथे तरुणपणी राहायला आलेले बरेच जण एकत्रच म्हातारे झाले होते. त्यांना कुठेतरी हलवण्याऐवजी संकुलातच समाजसेवक आणि परिचारिका आणल्या. पुढे राज्याने अशा सेवांसाठी निधी दिला. कोणाला घर बदलावं लागलं नाही, कोणाची किल्ली परत घ्यावी लागली नाही. करसवलत हलू शकणाऱ्या, पैसेवाल्या म्हाताऱ्यांना ओढते आणि त्यांच्यामागोमाग भाव चढवते. बाक आणि बस कधीच कुठे न गेलेल्यालाही उपयोगी पडतात. सरकारकडे या दोन्हींपैकी एकापुरतेच पैसे असतील तर ते कशावर घालावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि ज्याला जायचंच आहे त्याने जावं, पण आधी भाड्याने राहून बघावं, तेही हंगाम नसताना. गाडी घरी ठेवून. एक आठवडा हातात चार किलोची पिशवी घेऊन चालावं. रात्री दहाला औषध मिळतं का बघावं. दवाखान्यात काही झालेलं नसताना जाऊन रांगेत बसावं. तिथल्या बाकावर गावाबद्दल जितकं कळतं तितकं कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. आणि हे सगळं आपण ६२ वर्षांचे म्हणून न बघता, जोडीदाराच्या मागे एकट्या उरलेल्या ८२ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांनी बघावं. हे बघणं नको वाटतं. तक्ता करण्यात माणूस रमतो तो बहुधा म्हणूनच.

माझ्या मित्राचा तक्ता अजून आहे. त्यात पंधरावा रकाना आला. तो बायकोने घालायला लावला. अकरापैकी आठ ठिकाणांपुढे तो रिकामा होता, म्हणून ती आठ गळली, त्यात हिरवंही गेलं. उरलेल्या तिनांपैकी एका ठिकाणी दोघं सध्या तीन महिन्यांच्या भाड्याने राहतायत, क्रमाने ते सातवं होतं. परवा फोन आला तेव्हा मी किल्लीचं विचारलं. म्हणाला, "अजून कोणाला दिली नाही. पण समोरच्या बाईंनी त्यांची आमच्याकडे ठेवलीय."